एक जूनची जन्मतारीख आणि संगणकाचा प्रश्न

वसतिगृहात नवीन मुलांचे प्रवेश सुरू झाले की पालकांच्या आधार कार्डाच्या प्रती माझ्या हाताखालून जातात. त्या चाळताना एक गोष्ट दरवर्षी डोळ्यांत भरते. मुलांच्या जन्मतारखा वर्षभर विखुरलेल्या असतात. त्यांच्या पालकांच्या, आणि त्याहून अधिक आजी-आजोबांच्या कागदपत्रांत मात्र १ जून ही तारीख पुन्हा पुन्हा येते. याचे कारण आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. पूर्वी खेड्यापाड्यांत जन्माची लेखी नोंद नसे. शाळेत नाव घालायला बाप मुलाला घेऊन आला की गुरुजी जन्मतारीख विचारीत. बापाला ती सांगता येत नसे. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होणार, प्रवेशासाठी वयाची अट पूर्ण व्हायला हवी, म्हणून गुरुजी हिशेबाने वर्ष काढीत आणि पुढे १ जून लिहून मोकळे होत.

माझ्या वडिलांची जन्मतारीखही १ जूनच होती. आजीला विचारले तर ती सांगे, "पोळा जवळ आला होता, मुगाच्या शेंगा तोडायला आल्या होत्या." म्हणजे आजीजवळ उत्तर होते, आणि इतिहासाच्या दृष्टीने ते पुष्कळच चांगले उत्तर होते. परंतु विचारलेल्या प्रश्नात ते मावत नव्हते. प्रश्नाने तारीख मागितली. आजीजवळ ऋतू होता. उत्तर वाया गेले आणि रकाना दुसऱ्याच कोणीतरी भरला.

मी इतिहासाचा शिक्षक. एम.एस.-सी.आय.टी.चा अभ्यासक्रम पूर्ण करण्यापलीकडे संगणकाशी माझा संबंध येईल असे वाटले नव्हते. परंतु दिवाळीच्या सुटीत मुलांनी आपल्या आजी-आजोबांची माहिती विचारून आणावी व परतल्यावर ती संगणकात भरावी असा उपक्रम हाती घेतला, तेव्हा एक छोटासा प्रोग्राम स्वतःच लिहावा लागला. तो लिहिताना पदोपदी १ जूनची आठवण झाली. माणसाला प्रश्न विचारणे आणि त्याने कळफलकावर दिलेले उत्तर नीट वाचून घेणे, एवढेच त्या प्रोग्रामचे काम. ते दिसते तितके सोपे नाही. ते कसे करावे, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा प्रयत्न करतो.

विम आणि युगांडातील मुले

आमच्या संगणक कक्षातील यंत्रे जुनी आहेत. त्यांवर लिनक्स ही मोफत प्रणाली चालते. मजकूर लिहिण्यासाठी आम्ही विम नावाचा टेक्स्ट एडिटर वापरतो. टेक्स्ट एडिटर म्हणजे अक्षरांचा आकार, रंग, सजावट यांच्या भानगडीत न पडता केवळ मजकूर लिहिण्याचे व दुरुस्त करण्याचे साधन. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात व्हीआय हा एडिटर लिहिला. त्याच धर्तीवर नेदरलँड्सचे ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ मध्ये विम लोकांसमोर ठेवला आणि ३ ऑगस्ट २०२३ रोजी निधन होईपर्यंत, सुमारे ३२ वर्षे, ते त्याची देखभाल करीत राहिले.

विम विनामूल्य आहे. परंतु मूलेनार यांनी वापरणाऱ्यांना एक विनंती केली. विम आवडला तर युगांडातील गरजू मुलांना मदत करा, अशी ती विनंती. दक्षिण युगांडातील किबाले येथे एड्सच्या साथीने आईवडील हिरावून घेतलेली पुष्कळ मुले होती. त्यांच्या शिक्षणाची, अन्नाची व औषधोपचाराची व्यवस्था पाहणाऱ्या केंद्रात मूलेनार यांनी १९९४ मध्ये स्वयंसेवक म्हणून काम केले आणि पुढे त्या मुलांसाठी निधी उभारला. कोणतीही फाईल न उघडता विम सुरू केला की पहिल्या पडद्यावर अनेकदा या मुलांसाठीचे आवाहन दिसते. ज्या साधनामागे अशी एक शाळा आहे, ते आपल्यासारख्या निवासी शाळेत शिकवताना मला विशेष आनंद होतो.

विमला स्वतःची एक प्रोग्रामिंगची भाषा आहे; तिला विमस्क्रिप्ट म्हणतात. येथे एक खुलासा आवश्यक आहे. या लेखात आज्ञांची नावे मी देवनागरीत लिहीत आहे. संगणकावर ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहावयाची असतात. अवतरणचिन्हांतील प्रश्न मात्र खुशाल मराठीत लिहावा. तसेच काही लिनक्स प्रणालींत विमची अगदी लहान आवृत्ती असते व तिच्यात प्रोग्राम लिहिण्याची सोय नसते. तेव्हा पूर्ण आवृत्ती बसवून घ्यावी.

पहिला प्रश्न

विमस्क्रिप्टमध्ये प्रश्न विचारण्याची मूळ आज्ञा ‘इनपुट’ ही आहे. ती अशी लिहितात:

लेट वय = इनपुट("आजीचे वय किती? ")

ही ओळ आली की प्रोग्राम थांबतो. पडद्याच्या तळाच्या ओळीवर "आजीचे वय किती?" हा प्रश्न उमटतो आणि त्याच्यापुढे लुकलुकणारी खूण वाट पाहत राहते. मुलाने उत्तर लिहून एंटर दाबले की ते ‘वय’ या नावाच्या कप्प्यात जाऊन बसते. प्रश्नचिन्हानंतर एक जागा मोकळी सोडावी; नाहीतर प्रश्न व उत्तर एकमेकांना चिकटतात.

आता पहिला सापळा. या आज्ञेने आलेले उत्तर नेहमी मजकूर असते, संख्या नसते. ९ आणि १० असे दोन आकडे इंग्रजी अंकांत टंकून आले आणि दोहोंची तशीच तुलना केली, तर विमच्या मते ९ मोठा ठरतो. कारण तो शब्दकोशाप्रमाणे पहिले चिन्ह पाहतो, आणि ९ हे चिन्ह १ च्या नंतर येते. म्हणून मजकुराची संख्या करून घ्यावी लागते. त्यासाठीच्या आज्ञेचे नाव एस, टी, आर, मग २ हा अंक, आणि पुढे एन, आर अशी अक्षरे जोडून होते.

हे मी केले, आणि निर्धास्त झालो. दिवाळीनंतर पाचवीतील एका मुलाने आजीचे वय भरले. कळफलक मराठीवर होता; त्याने देवनागरी अंकांत ७२ असे टंकले. प्रोग्रामने नोंद दाखवली: वय शून्य. मुलगा काही वेळ पडद्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, माही आजी अजून जलमलीच नाही का?"

वर्गात हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही. त्या आज्ञेला फक्त इंग्रजी अंक कळतात. ज्या मजकुराच्या सुरुवातीला तसा अंक नाही, त्याची किंमत ती शून्य धरते आणि चूक झाल्याचे एका शब्दानेही सांगत नाही. मुलाचे उत्तर बरोबर होते. ते आपल्या लिपीत होते एवढ्याच कारणाने ते शून्य झाले होते, आणि तो प्रोग्राम माझा होता.

उपाय सोपा आहे. ‘टीआर’ नावाची आज्ञा एका यादीतील चिन्हांच्या जागी दुसऱ्या यादीतील चिन्हे ठेवते. पहिल्या यादीत शून्य ते नऊ देवनागरी अंक, दुसऱ्या यादीत त्याच क्रमाने इंग्रजी अंक दिले की ७२ हे त्याच्या इंग्रजी रूपात येते. मग त्याची संख्या करावी. त्यापूर्वी उत्तरात केवळ अंकच आहेत ना, हेही तपासावे. एखादी आजी "साठ-पासष्ट असेल" असे सांगते. ते खरे उत्तर आहे. परंतु त्याची संख्या केली तर पुन्हा शून्यच हाती येते. म्हणून आता आमच्या नोंदीत दोन रकाने आहेत: सांगितलेले वय जसेच्या तसे, आणि संख्या करता आली तरच संख्या. मूळ उत्तर पुसायचे नाही, हा इतिहासाच्या अभ्यासातील नियम येथेही तितकाच खरा आहे.

आधीच लिहून ठेवलेले उत्तर

‘इनपुट’ या आज्ञेला प्रश्नाबरोबर दुसरी एक गोष्ट देता येते: तयार उत्तर. ते प्रश्नापुढे आधीच टंकलेले दिसते. मान्य असेल तर नुसते एंटर दाबायचे, नसेल तर खोडून दुसरे लिहायचे. सोय मोठी आहे. ‘शाळेचे नाव’ या प्रश्नापुढे आपल्या शाळेचे नाव आधीच लिहिलेले असेल तर शंभर मुलांचे शंभर वेळा टंकणे वाचते.

परंतु ‘जन्मतारीख’ या प्रश्नापुढे मी जर १ जून असे तयार उत्तर ठेवले, तर काय होईल? कंटाळलेला मुलगा एंटर दाबून पुढे जाईल आणि पुन्हा एक पिढी १ जूनला जन्म घेईल. गुरुजींनी वहीत केले तेच संगणकाने केले असे होईल. फरक इतकाच की गुरुजींना निदान हाताने लिहावे लागत होते. यावरून मी एक नियम बांधला आहे. जे उत्तर बहुतेकांच्या बाबतीत खरेच एक असते, तेथेच तयार उत्तर द्यावे. जे प्रत्येकाचे वेगळे असते, म्हणजे नाव, आईचे नाव, जन्म, शिक्षण, तेथे जागा रिकामी ठेवावी.

जन्माचा प्रश्न आम्ही आता तोडून विचारतो. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. यांपैकी काहीही रिकामे सोडता येते. शेवटी चौथा प्रश्न येतो: "जन्माविषयी घरचे काय सांगतात?" त्यात मुले दुष्काळाचे साल लिहितात, पुराची आठवण लिहितात, कोणाच्या लग्नानंतर किती दिवसांनी ते लिहितात. माझ्या आजीचा मूग या रकान्यात सहज मावला असता.

रिकामे उत्तर

रिकामे सोडण्याची मुभा दिली की नवा प्रश्न उभा राहतो. मुलाने काहीच न लिहिता एंटर दाबले तर ‘इनपुट’ रिकामा मजकूर परत देते. त्याने एस्केप दाबून प्रश्न रद्द केला तरीही रिकामाच मजकूर मिळतो. "मला ठाऊक नाही" आणि "मला हे भरायचेच नाही" या दोन अगदी भिन्न गोष्टी. प्रोग्रामला त्या सारख्याच दिसतात. यासाठी ‘इनपुटडायलॉग’ ही आज्ञा आहे. तिला तिसरी गोष्ट म्हणून एखादी खूण देता येते. प्रश्न रद्द केला तर ती खूण परत येते, आणि नुसते एंटर दाबले तर रिकामा मजकूर येतो. दोन्ही गोष्टी वेगळ्या कळतात.

काही उत्तरे मात्र रिकामी चालत नाहीत. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने अनिवार्य केला आहे. आमच्या उपक्रमात आजीच्या व आजोबांच्या आईचे नावही विचारले जाते. पहिल्या वर्षी ते निम्म्या नोंदींत रिकामे आले. वडिलांच्या बाजूची नावे मुलांना पाठ होती. पणजीचे नाव कोणी कधी विचारलेच नव्हते. आता हा प्रश्न आवर्तनात ठेवला आहे: उत्तराच्या मागची-पुढची मोकळी जागा ‘ट्रिम’ या आज्ञेने काढावी, काही उरले नाही तर प्रश्न पुन्हा विचारावा. मात्र आवर्तनातून बाहेर पडण्याची वाट ठेवणेही आवश्यक आहे, नाहीतर मुले काहीतरी खोटे लिहून सुटका करून घेतात. म्हणून "माहीत नसल्यास ‘माहीत नाही’ असे लिहा" हे शब्द आम्ही प्रश्नातच घातले. तेव्हापासून कित्येक मुले पुढच्या सुटीत ते नाव मुद्दाम विचारून येतात.

यादीतून निवड

‘तालुका कोणता?’ या प्रश्नाला मोकळे उत्तर घेतले की कोणी वाशीम लिहितो, कोणी वाशिम. माणसाला दोन्ही एकच. संगणकाला ती दोन वेगळी गावे. अशा वेळी ‘इनपुटलिस्ट’ ही आज्ञा वापरावी. तिला यादी द्यायची. यादीची पहिली ओळ म्हणजे प्रश्न आणि पुढे क्रमांक घातलेले पर्याय: वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. क्रमांक आपणच लिहायचे असतात. मूल क्रमांक टंकते व तो क्रमांक संख्या म्हणून परत येतो. यादीत सहाच पर्याय असताना कोणी ९ टंकला तर तोही निमूटपणे परत येतो. म्हणून मिळालेला क्रमांक यादीत बसतो की नाही, हे आपण तपासावे. यादी पडद्याच्या उंचीहून लांब नसावी, हेही पथ्य आहे.

यादी करणारा माणूस उत्तराच्या सीमाही ठरवत असतो. माझ्या पहिल्या यादीत हे सहाच तालुके होते. एका मुलीची आजी हिंगोली जिल्ह्यातली निघाली. तिला निवडायला काहीच नव्हते, म्हणून तिने जवळचा रिसोड निवडला. सातवा पर्याय ‘इतर’ हा घातला आणि तो निवडल्यास गावाचे नाव मोकळेपणी लिहून घेण्याची सोय केली. जिल्ह्याच्या प्रश्नातही असेच झाले. आपला वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्याआधी येथे जन्मलेल्या आजोबांनी "माझा जन्म अकोला जिल्ह्यातला" असे सांगितले तर ते बरोबरच आहे. प्रश्न "तेव्हा कोणता जिल्हा होता?" असा विचारला की घोटाळा राहत नाही.

रांगेत उभी असलेली अक्षरे

एका विचित्र अडचणीने मला दोन दिवस छळले. सगळे काम एका कळीने सुरू व्हावे म्हणून मी विमला सांगितले की ही कळ दाबली की या आज्ञा ओळीने चालव. कळ दाबली, प्रश्न क्षणभर चमकला आणि मुलाने कळफलकाला हातही न लावता उत्तर भरले गेले! झाले असे होते की कळीला बांधलेल्या आज्ञांतील उरलेली अक्षरे रांगेत उभी होती. प्रश्न आला तशी ती पुढे सरकली आणि उत्तर म्हणून आत गेली. यावर ‘इनपुटसेव्ह’ व ‘इनपुटरिस्टोअर’ ही जोडी आहे. पहिली आज्ञा रांगेतील अक्षरांना बाजूला बसवते. मग प्रश्न विचारावा, माणसाचे उत्तर घ्यावे. नंतर दुसरी आज्ञा त्या अक्षरांना पुन्हा रांगेत आणते. एक वापरली की दुसरी वापरलीच पाहिजे.

आणखी तीन आज्ञा थोडक्यात सांगतो. ‘गेटचार’ केवळ एक चिन्ह वाचते व एंटरची वाट पाहत नाही. पुढे जाण्यासाठी कोणतीही कळ दाबा, अशा वेळी ती ठीक. परंतु मराठी अक्षरासाठी तिचा उपयोग नाही. ‘कि’ लिहिताना आपण आधी क आणि मग वेलांटी टंकतो; ‘गेटचार’ क घेऊन निघून जाते आणि वेलांटी मागे राहते. ‘इनपुटसीक्रेट’ उत्तराच्या जागी फुल्या दाखवते आणि ते उत्तर आधीच्या उत्तरांच्या यादीत ठेवत नाही. मात्र फुल्या केवळ शेजाऱ्याच्या नजरेसाठी असतात. आतील कप्प्यात मजकूर उघडाच असतो. ‘कन्फर्म’ ही आज्ञा ठराविक पर्याय पुढे करते आणि निवडलेल्याचा क्रमांक देते; एस्केप दाबल्यास शून्य. नोंद फाईलमध्ये लिहिण्यापूर्वी संपूर्ण नोंद वाचून दाखवावी व "हे बरोबर आहे का?" असे याच आज्ञेने विचारावे. ज्याची नोंद आहे त्याने ती पाहिल्याखेरीज ती पक्की करू नये.

नावाच्या लांबीवर मर्यादा घालताना जपावे. लांबी मोजणारी ‘एसटीआरलेन’ ही आज्ञा अक्षरे मोजत नाही, बाइट मोजते, आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘शकुंतला’ या नावात काना, उकार, अनुस्वार धरून सात चिन्हे. बाइट मात्र एकवीस. कोणी वीसची मर्यादा घातली असेल तर शकुंतलाबाईंना आपले नाव लिहिता येणार नाही, आणि का लिहिता येत नाही हे त्यांना कोणी सांगणारही नाही. त्याऐवजी ‘एसटीआरचार्स’ ही आज्ञा चिन्हे मोजते, ती वापरावी.

नोंद

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले. आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे. २०१७ पासून महाराष्ट्र शासन तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. शाळेच्या वहीतील एका ओळीचे मोल किती असू शकते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगण्याची गरज नाही. नोंद लिहिणाऱ्याला आपण कोणाचे नाव लिहीत आहोत हे त्या क्षणी कधीच माहीत नसते. म्हणून प्रत्येक नाव तितक्याच काळजीने लिहावे लागते.

आपले अनेक माजी विद्यार्थी आज संगणकाच्या क्षेत्रात आहेत. बँकेचा, दवाखान्याचा, शिष्यवृत्तीचा अर्ज ज्या पडद्यावर भरला जातो, त्यावरील प्रश्न तुमच्यापैकीच कोणीतरी लिहीत असेल. तुम्हाला माझे एवढेच सांगणे आहे: प्रश्न लिहून झाला की तो एकदा आपल्या आजीला विचारून पाहा. तिचे उत्तर जर त्यात मावत नसेल, तर दुरुस्ती प्रश्नात करा.